टॅरंटुलाचा रंग बदलला की नावच चुकलं? ओळख पटवताना होणारा नेहमीचा घोळ कसा सोडवायचा

तक्रार ठरलेली असते. पाळायला टॅरंटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं, दीड सेंटिमीटरचं पिल्लू घेतलं, डबीवर मार्करने ‘रेड नी’ किंवा नुसतंच ‘ब्लू’ लिहिलेलं होतं, दोन-चार वेळा कात टाकून झाली आणि कोळी काही फोटोतल्यासारखा दिसेना. विकणाऱ्याने भलतंच दिलं का?

बऱ्याचदा दिलेलं बरोबरच असतं, फक्त कोळी वयाच्या किंवा कातीच्या वेगळ्या टप्प्यावर असतो. काही वेळा कोळी तोच, पण मधल्या काळात त्याचं शास्त्रीय नाव बदललेलं असतं. आणि काही वेळा खरंच दुसरी प्रजाती गळ्यात मारलेली असते. ही तीन कारणं वेगवेगळी तपासायची आणि क्रमाने तपासायची: आधी कोळ्याची अवस्था, मग नावाचा इतिहास, मग टाकलेली कात. रंगावरून निर्णय सगळ्यात शेवटी. फोटो टाकून “हा कुठला?” असं विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात, कारण त्यांच्या हातात रंगाशिवाय काहीच नसतं.

रंग उतरलाय, पण कोळी तोच आहे

कात टाकायच्या आधी काही आठवडे अंगावरचे केस मळकट दिसू लागतात. खाणं बंद होतं, पोट ताणलेलं दिसतं. अमेरिका खंडातल्या अनेक प्रजाती पोटावरचे खाजरे केस मागच्या पायांनी उडवतात, त्यामुळे पोटाच्या मागच्या बाजूला टक्कल पडतं. हे टक्कल नीट पाहा. कातडी फिकट गुलाबट-तपकिरी असेल तर कात अजून लांब आहे. तीच जागा काळी, चकचकीत झाली असेल तर आतल्या नव्या कातडीवर उगवलेले केस वरून दिसताहेत आणि कात जवळ आली आहे. अशा वेळी रंगावरून नाव ठरवायला जाऊच नये.

या टकलाचा आणखी एक उपयोग आहे. आशिया आणि आफ्रिकेतल्या टॅरंटुलांना खाजरे केस नसतात. ‘थायलंडचा कोबाल्ट ब्लू’ म्हणून घेतलेला कोळी पायाने केस उडवत असेल तर लेबल चुकलेलं आहे, पुढे काही तपासायची गरज नाही. उलट बाजूने मात्र हा नियम लावू नका. सॅल्मोपियससारखे काही अमेरिकन टॅरंटुला केस उडवत नाहीत, म्हणून टक्कल नाही याचा अर्थ कोळी आशियाचा असा होत नाही.

नाशिकमध्ये या घोळात थंडीची भर पडते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जातं, निफाडकडे त्याहूनही खाली. घरातली उत्तरेकडची खोली गार पडली की कोळ्याची सगळी हालचाल मंदावते आणि जी कात एरवी तीन-चार आठवड्यांत झाली असती ती लांबत जाते. तेवढा सगळा काळ कोळी मळकट दिसतो. डिसेंबर ते फेब्रुवारीत काढलेल्या फोटोवरून ओळख विचारू नका, कात होऊ द्या. ऊब द्यायची असेल तर खोली उबदार ठेवा, नाहीतर थर्मोस्टॅट लावलेली हीट मॅट डब्याच्या बाजूला लावा. तळाखाली लावली तर बिळात राहणारा कोळी उष्णता टाळायला खाली खणतो आणि नेमका जास्त तापलेल्या जागी पोहोचतो. पावसाळ्यातलं कारण साधं आहे: कोकोपीट ओलं राहतं, केस चिकटतात आणि कोळी आहे त्यापेक्षा गडद दिसतो.

कात टाकल्यावर विषदात आधी पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. ते काळे झाल्यानंतरचे तीन-चार आठवडे रंग सगळ्यात खरा दिसतो. ओळखीचे फोटो त्याच काळात काढायचे.

वयाने आणि लिंगाने बदलणारा रंग

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण विक्रीच्या यादीतला फोटो नेहमी प्रौढ मादीचा असतो.

कॅरिबेना व्हर्सिकलर, म्हणजे मार्टिनिक बेटावरचा झाडावर राहणारा टॅरंटुला, पिल्लू असताना झळझळीत निळा असतो. मोठा होताना पाठीची ढाल हिरवी होते, पोटावर लालसर केस येतात, पाय जांभळट दिसतात. ‘निळा घेतला आणि हिरवा निघाला’ ही तक्रार या प्रजातीत आली तर कोळी अगदी बरोबर वाढतोय. व्हेनेझुएलाच्या ग्रीन बॉटल ब्लूचं, म्हणजे क्रोमॅटोपेल्मा सायनिओप्युबेसेन्सचं, याच्या उलट. पिल्लाच्या पोटावर काळे-केशरी पट्टे असतात, प्रौढपणी पट्टे विरतात, पोट केशरी केसांनी भरतं आणि पाय निळे होतात. आपल्याकडच्या पोइसिलोथेरिया मेटॅलिकाची पिल्लंही लगेच निळी नसतात, प्रत्येक कातीबरोबर निळाई वाढत जाते.

लिंगाचा फरक याहून चकवणारा आहे. कोबाल्ट ब्लूची, म्हणजे सिरिओपॅगोपस लिव्हिडसची, मादी निळी. नर शेवटची कात टाकून प्रौढ झाला की तपकिरी पडतो. एका कातीत एवढा फरक पडला तर आधी पंजे पाहा. तोंडाजवळच्या आखूड पायांची टोकं फुगलेली, मुष्टियोद्ध्याच्या हातमोज्यासारखी दिसत असतील तर तो प्रौढ नर आहे. पुढच्या पायांवर आतल्या बाजूला आकडे आहेत का हेही पाहा, पण नुसत्या आकड्यांवर विसंबू नका, कारण पोइसिलोथेरियाच्या नरांना ते नसतातच.

निळ्या रंगाबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. टॅरंटुलाचा निळा रंग रंगद्रव्याचा नसतो. केसांतल्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो आणि निळा दिसतो. म्हणून पिवळ्या बल्बखाली तोच कोळी काळपट आणि खिडकीतल्या उजेडात झगझगीत निळा दिसतो. मोबाइलचा कॅमेरा त्यावर आपली रंगदुरुस्ती चढवतो ती वेगळीच. फोटो सकाळी खिडकीपाशी, थेट ऊन नसताना, फ्लॅश बंद करून आणि चौकटीत पांढरा कागद ठेवून काढा. फोटोत कागद पांढरा दिसला तरच कोळ्याच्या रंगावर बोलता येतं.

नाव बदललंय, कोळी नाही

‘मेक्सिकन रेड नी’ हे सगळ्यात मोठं उदाहरण. अनेक वर्षं हा कोळी ब्रॅकिपेल्मा स्मिथी म्हणून विकला गेला. १९९७ मध्ये ब्रॅकिपेल्मा हमोरी आणि ब्रॅकिपेल्मा ॲनिथा अशा दोन नव्या प्रजाती वर्णिल्या गेल्या. २०१७ मध्ये मेंडोझा आणि फ्रँके यांनी डीएनए आणि जननेंद्रियांची रचना तपासून या गटाची फेरमांडणी केली. निष्कर्ष असा: ॲनिथा ही वेगळी प्रजाती नाही, तीच खरी स्मिथी, आणि बाजारात स्मिथी म्हणून फिरत होते त्यांतले बरेचसे हमोरी. निसर्गात हमोरी कोलिमा, हालिस्को, मिचोआकान या भागांत राहतो, तर स्मिथी गेरेरोत.

म्हणजे जुन्या डबीवरचं ‘ॲनिथा’ आजचं स्मिथी आणि जुन्या डबीवरचं ‘स्मिथी’ बहुधा आजचं हमोरी. यातलं ‘बहुधा’ महत्त्वाचं आहे. स्मिथीचं लेबल सरसकट खोडून हमोरी लिहू नका, त्या नावाखाली दोन्ही विकले गेले आहेत. जवळून पाहायची एक खूण आहे: विषदात ज्या जाड भागाला जोडलेले असतात त्या भागावर, वरून पाहिल्यावर, हमोरीमध्ये करड्या पार्श्वभूमीवर दोन गुलाबट-तपकिरी पट्टे दिसतात, स्मिथीत नाहीत. पण हे पट्टे प्रत्येक हमोरीत स्पष्ट असतातच असं नाही. दिसले तर हमोरीकडे झुकायला हरकत नाही, दिसले नाहीत म्हणून स्मिथी म्हणू नका.

याच जीनसमध्ये (जवळच्या प्रजातींचा गट, शास्त्रीय नावातलं पहिलं नाव) बोलीनावांचा वेगळा गोंधळ आहे. ‘रेड लेग’ म्हणजे सहसा ब्रॅकिपेल्मा एमिलिया, ‘फायर लेग’ म्हणजे बोमी, ‘फ्लेम नी’ म्हणजे ऑराटम, आणि दुकानात तिन्ही ‘रेड नी’ होतात. एमिलिया ओळखायला सोपा: पाठीची ढाल फिकट केशरी आणि तिच्यावर डोळ्यांकडच्या बाजूला काळा त्रिकोण. हा त्रिकोण दिसला की बाकीची नावं बाजूला ठेवा.

‘कर्ली हेअर’चं पाहा. ब्रॅकिपेल्मा अल्बोपिलोसम २०२० मध्ये त्लिल्टोकाटल या जीनसमध्ये गेला आणि नाव झालं त्लिल्टोकाटल अल्बोपिलोसस. शेवटचं अक्षर बदललं कारण लॅटिनमध्ये दुसऱ्या नावाचं लिंग पहिल्या नावाशी जुळवावं लागतं. हॅप्लोपेल्मा लिव्हिडम आणि सिरिओपॅगोपस लिव्हिडस हेही असंच एक. अल्बोपिलोसम आणि अल्बोपिलोसस या दोन प्रजाती समजून ‘दोन्ही संग्रहात आहेत’ म्हणणारे भेटतात. तो एकच कोळी आहे.

जुनी-नवी नावं जुळवायची तर वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग उघडा. ही बर्नच्या संग्रहालयाची जगभरातल्या कोळ्यांची अधिकृत सूची आहे आणि विनामूल्य आहे. शोधताना पहिलं नाव टाकू नका, ते बदलत राहतं. दुसऱ्या नावाचा सुरुवातीचा भाग टाका: ‘अल्बोपिलोस’ किंवा ‘लिव्हिड’ एवढंच, रोमन अक्षरांत. खाली जुन्या नावांची साखळी मिळते. तिथे वर्णन करणाऱ्याचं नाव आणि वर्ष कंसात असेल तर प्रजाती मूळच्या जीनसमधून हलवली गेली आहे. कंस नसेल तर ती सुरुवातीपासून त्याच जीनसमध्ये आहे. एवढ्या एका खुणेने अर्धे वाद मिटतात.

विक्रीच्या यादीत पहिल्या नावापुढे ‘एसपी.’ आणि मग एखादं आकर्षक नाव असेल, तर त्या कोळ्याचं शास्त्रीय वर्णन तेव्हा झालेलं नव्हतं असं समजा. थायलंडचा ‘इलेक्ट्रिक ब्लू’ किलोब्रॅकिस असाच एसपी. म्हणून विकला जात होता, २०२३ मध्ये त्याला किलोब्रॅकिस नॅटानिकारम हे नाव मिळालं.

खरे रंगप्रकार

एकाच प्रजातीत खरोखर वेगवेगळे रंग असतात तेव्हा लेबलवर ‘आरसीएफ’, ‘डीसीएफ’, ‘टीसीएफ’ अशी अक्षरं येतात, म्हणजे लाल, गडद आणि नेहमीचा रंगप्रकार. आफ्रिकेचा टेरिनोकायलस मुरिनस, बोलीत ओबीटी (ऑरेंज बबून टॅरंटुला), यासाठी प्रसिद्ध आहे. टांझानियाच्या उसांबारा भागातल्या नावाने विकला जाणारा भडक केशरी आणि दुसरीकडचा करडा-तपकिरी हे दिसायला दोन कोळी, पण प्रजाती एकच. चिलीच्या रोझचंही तसंच: लालसर आणि करडा. करड्याला बरीच वर्षं ग्रॅमोस्टोला पोर्टेरी म्हणत, आज सूचीत दोन्ही ग्रॅमोस्टोला रोझियाखाली येतात.

इथे चूक होते ती लेबल ‘साफ’ करताना. नाव एकच झालं म्हणून रंगप्रकाराची अक्षरं किंवा गावाचं नाव पुसू नका. उद्या संशोधकांनी पुन्हा दोन प्रजाती केल्या तर तेवढीच माहिती उपयोगी पडते, आणि ती एकदा गेली की परत मिळत नाही. श्रीलंकेच्या पोइसिलोथेरिया सबफुस्काचं हे झालेलं आहे. सखल भागातला प्रकार आधी ‘बारा’ (bara) या नावाची वेगळी प्रजाती होता, मग सबफुस्कात मिसळला. ज्यांनी ‘लोलँड’ हा शब्द ठेवला त्यांना आजही आपल्याकडे काय आहे ते ठाऊक आहे.

नावातल्या गावावर मात्र डोळे मिटून विश्वास नको. ‘गुटी सफायर’ हे पोइसिलोथेरिया मेटॅलिकाचं नाव आंध्रातल्या गुटीच्या रेल्वेच्या लाकूड डेपोत १८९९ च्या सुमारास सापडलेल्या नमुन्यावरून पडलं. कोळी तिथे लाकडाबरोबर आला होता. त्याचं खरं जंगल नंद्याल आणि गिद्दलूरच्या मध्ये आहे, गुटीपासून साधारण शंभर किलोमीटर दूर.

पोइसिलोथेरियांत पाठीवरची नक्षी सगळ्यांची जवळजवळ सारखी असते, म्हणून वरून काढलेला फोटो कुचकामी. खालची बाजू हवी. कोळी काचेवर चढला की पायांच्या आणि पोटाच्या खालून फोटो घ्या. रेगॅलिसच्या पोटाखाली आडवा फिकट पट्टा असतो, पुढच्या पायांखाली पिवळा रंग. तोच ‘इंडियन ऑर्नामेंटल’. नुसतं ‘ऑर्नामेंटल’ म्हणजे अख्खा जीनस, आणि ऑर्नाटा हा श्रीलंकेचा वेगळा कोळी. या फोटोसाठी कोळ्याला हातात घेऊ नका. हा जीनस अतिशय चपळ असतो आणि त्याच्या चाव्यानंतर स्नायूंत गोळे येऊन बरेच दिवस त्रास होतो.

कात जपून ठेवा, तीच पुरावा

एवढं करूनही नक्की झालं नाही तर टाकलेली कात वाचायची. कोळी तिच्यापासून दूर गेल्यावर २५-३० सेंटिमीटरच्या चिमट्याने ती बाहेर काढा. अमेरिकन प्रजातीच्या कातीवर खाजरे केस चिकटलेले असतात, म्हणून हातमोजे आणि मास्क घाला. डोळ्यांत केस गेला तर डॉक्टरकडे जावं लागतं. कात ओली, मऊ असेल तर लगेच उलगडते. सुकून कडक झाली असेल तर कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकून ती काही तास, गरज पडली तर रात्रभर भिजवा. मग पोटाची चुरगळलेली पातळ कातडी दोन मऊ ब्रशांनी पसरवा, काचेवर आतली बाजू वर करून ठेवा. ओढू नका, फाटते ती नेमकी हव्या त्या जागी.

चार पांढरे ठिपके दिसतील, ती फुप्फुसांची जागा. पुढच्या दोघांच्या मधल्या आडव्या घडीत मादीला पिशवीसारखा किंवा दुभंगलेला पडदा असतो, नराच्या कातीत तिथे काही नसतं. या पडद्याचा आकार जीनसनुसार आणि बऱ्याचदा प्रजातीनुसार बदलतो. संशोधक जवळच्या प्रजाती वेगळ्या काढतात त्यात या आकाराला मोठं वजन असतं. पायांचा घेर चार-पाच सेंटिमीटरच्या वर असेल तर दहापट भिंगाने काम भागतं, लहान पिल्लासाठी यूएसबी मायक्रोस्कोप लागतो. फोटो काढताना बाजूला मिलिमीटरची पट्टी ठेवा. मग कात सावलीत सुकवून कागदी पाकिटात, वर तारीख आणि कोळ्याचा क्रमांक लिहून ठेवा. ओली कात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली तर बुरशी येते आणि सगळी मेहनत वाया जाते.

लेबलवर काय लिहायचं

शास्त्रीय नाव रोमन अक्षरांतच लिहा. देवनागरीत प्रत्येक जण वेगळं लिहितो आणि सूचीत शोधता येत नाही. त्याखाली विकणाऱ्याने दिलेलं नाव जसंच्या तसं, चुकीचं वाटलं तरी. मग घेतल्याची तारीख, पिल्लू पैदास केलेलं की नाही, आई-बाबांची माहिती असेल तर ती, रंगप्रकार किंवा मूळ ठिकाण. यादीतला ‘१.२.३’ हा आकडा म्हणजे एक नर, दोन माद्या, तीन न ओळखलेले. पिल्लू घेताना बहुधा ०.०.१ असतो, तोच लिहा. शेवटी एक ओळ हवीच: ओळख कशावरून केली. ‘विक्रेत्याच्या सांगण्यावरून’ आणि ‘मादीची कात पाहून’ यांत फार अंतर आहे.

कायद्यासाठीही हे लागतं. ब्रॅकिपेल्मा स्मिथी १९८५ पासून आणि ब्रॅकिपेल्मा हा अख्खा जीनस १९९५ पासून साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. पोइसिलोथेरिया २०१९ मध्ये त्यात आला. वन्यजीव संरक्षण कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तिच्या चौथ्या अनुसूचीत साइट्सच्या प्रजाती आहेत, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्यांची नोंद केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर करावी लागते. हस्तांतर, जन्म आणि मृत्यूही कळवावे लागतात. कागदावर स्मिथी आणि डब्यात हमोरी अशी स्थिती असेल तर मनाने नाव बदलून अर्ज भरू नका. दोन्ही नावं, बदलाचं कारण आणि फोटो घेऊन वनविभागाच्या कार्यालयात विचारा.

इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्यात रस्ता ओलांडणारे तपकिरी टॅरंटुला दिसतात, बहुधा मादीच्या शोधात निघालेले प्रौढ नर. त्यांचे फोटो आणि ठिकाण टिपा, कोळ्याला तिथेच राहू द्या. सह्याद्रीतल्या जमिनीवरच्या अनेक प्रजाती नुसत्या रंगावरून वेगळ्या काढता येतच नाहीत आणि डब्यात आणल्याने त्यात काही फरक पडत नाही.

ओळख पटलीच नाही तर

जेवढं नक्की आहे तेवढंच लिहा. ‘ब्रॅकिपेल्मा एसपी., स्मिथी म्हणून घेतला, मूळ ठिकाण अज्ञात’ हे पूर्ण आणि प्रामाणिक लेबल आहे. खाणं, ओल, डब्याची उंची हे सगळं जीनस कळला तरी नीट ठरवता येतं, त्यासाठी प्रजातीचा हट्ट नको.

जोडी मात्र लावू नका. जवळच्या प्रजातींचा संकर होतो, अंडकोशातून शेकडो पिल्लं निघतात आणि सगळी कुठल्या तरी एका नावाने बाजारात जातात. होंडुरास म्हणून फिरणाऱ्या कर्ली हेअरबद्दल मिसळीची शंका आजही घेतली जाते, म्हणून निकाराग्वाचं लेबल असलेले कोळी लोक जपून वेगळे ठेवतात. रेड नीची मादी वीस वर्षांहून जास्त जगते, तेवढ्या काळात ती दोन-तीन घरं बदलू शकते. देताना कोळ्याबरोबर लेबल, कातींची पाकिटं आणि नोंदणीचा कागद असं सगळं द्या, आणि ज्या नावाबद्दल शंका आहे त्यापुढे प्रश्नचिन्ह तसंच राहू द्या.